बचतीतील जोखीम : प्रकार, मोजमाप आणि नियोजन

गुंतवणुकीतील जोखीम म्हणजे ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या वेळी लागणारी रक्कम हाती नसण्याची शक्यता. मुद्दल बुडणे हा तिचा सर्वांना दिसणारा प्रकार. पण मुद्दल शाबूत राहूनही त्याची खरेदीशक्ती आटते, व्याज घटते, किंवा खात्यावर पैसे दिसत असूनही काढता येत नाहीत. मुदत ठेव, सोने, फ्लॅट, म्युच्युअल फंड, विमा पॉलिसी, भिशी यांपैकी एकही साधन सगळ्या जोखमींपासून मुक्त नाही. एका साधनातून पैसे दुसऱ्यात हलवले की एक जोखीम कमी होते आणि तिच्या जागी दुसरी येते. म्हणून घरगुती बचतीच्या नियोजनाचा गाभा एका प्रश्नात सामावतो : कोणत्या पैशावर कोणती जोखीम परवडेल?

जोखमीची कल्पना

अमेरिकी अर्थतज्ज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिस्क, अनसर्टन्टी अँड प्रॉफिट’ या ग्रंथात जोखीम आणि अनिश्चितता यांत फरक केला. जिची शक्यता आकड्यांत मांडता येते ती जोखीम. जिच्याबद्दल असा हिशेबच करता येत नाही ती अनिश्चितता. आयुर्विमा कंपनीकडे मृत्युदराचे तक्ते असतात, त्यामुळे तिचा व्यवहार बराचसा पहिल्या गटात मोडतो. शेअर बाजारात दोन्हींची सरमिसळ असते. मागच्या चढउतारांची सरासरी काढता येते, पण महासाथ, युद्ध किंवा एखाद्या कंपनीचे बनावट हिशेब कोणत्याही तक्त्यात आधी दिसत नाहीत.

हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मधील लेखात परताव्यातील चढउतार हे जोखमीचे माप धरले. एकेका शेअरची जोखीम सुटी न पाहता संपूर्ण गुंतवणूक-संचाची पाहावी, हा त्यांचा मुद्दा पुढे आधुनिक वित्तशास्त्राचा पाया ठरला. त्याबद्दल १९९० मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. घरच्या बचतीसाठी हे माप उपयोगी असले तरी अपुरे आहे. वीस वर्षांनी लागणाऱ्या पैशातला आजचा चढउतार फारसा बाधत नाही. पुढच्या जूनमध्ये भरायच्या कॉलेजच्या फीमधला मात्र लगेच बाधतो. बाजारातली घसरण खऱ्या अर्थाने पदरात पडते ती खालच्या भावात पैसे काढावे लागले तर.

तोटा आणि त्याची भरपाई यांचे गणितही समान नसते. गुंतवणूक २० टक्क्यांनी घटली तर मूळ पदावर येण्यासाठी २५ टक्के वाढ लागते, ५० टक्क्यांनी घटली तर १०० टक्के आणि ६० टक्क्यांनी घटली तर १५० टक्के. मोठा तोटा टाळणे हे मोठा नफा मिळवण्याइतकेच महत्त्वाचे मानले जाते, ते या गणितामुळे.

जोखमीचे मुख्य प्रकार

*महागाईची जोखीम.* ही सर्वांत संथ आणि म्हणून सर्वांत दुर्लक्षित. ६ टक्के महागाईत आजच्या १ लाख रुपयांची खरेदीशक्ती १२ वर्षांनी जेमतेम ५० हजारांची उरते. रिझर्व्ह बँकेपुढे २०१६ पासून ४ टक्क्यांचे आणि २ ते ६ टक्क्यांच्या पट्ट्याचे महागाई-लक्ष्य आहे. पण २००९ ते २०१३ या काळात ग्राहक महागाई १० टक्क्यांच्या आसपास रेंगाळली होती. त्या वर्षांत ८-९ टक्क्यांची मुदत ठेव ठेवणाऱ्याची रक्कम पासबुकात वाढली आणि बाजारात घटली. यात प्राप्तिकराची भर पडते. ३० टक्क्यांच्या कर-टप्प्यातील व्यक्तीला ७ टक्क्यांच्या ठेवीवर उपकर धरून कर भरल्यावर सुमारे ४.८ टक्के उरतात. महागाई ५ टक्के असली तरी हा व्यवहार तोट्याचाच. शिवाय सरकारी निर्देशांक सरासरी दाखवतो. ज्या घरात शिक्षण आणि औषधपाणी हेच मोठे खर्च आहेत, त्या घराची महागाई वेगळी असते.

*बाजाराची जोखीम.* संपूर्ण बाजार खाली येतो तेव्हा चांगल्या-वाईट सगळ्याच शेअरना झळ बसते. सेन्सेक्सने जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांचा टप्पा ओलांडला होता. मार्च २००९ मध्ये तो ८,२०० च्या खाली आला. ही घसरण जवळपास ६० टक्क्यांची होती. नोव्हेंबर २०१० मध्ये तो पुन्हा २१ हजारांजवळ पोचला, पण टिकला नाही. त्या पातळीच्या वर ठामपणे जायला २०१३ ची अखेर उजाडली. २३ मार्च २०२० रोजी तर एका दिवसात सेन्सेक्स १३ टक्क्यांहून अधिक कोसळला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत नव्या उच्चांकावर गेला. भरपाईला किती काळ लागेल याचा नियम नाही. जपानच्या निक्केई निर्देशांकाने डिसेंबर १९८९ मध्ये गाठलेला उच्चांक फेब्रुवारी २०२४ मध्ये मोडला. मधे ३४ वर्षे गेली.

*एकवटलेपणाची जोखीम.* बाजार स्थिर असतानाही एकटी कंपनी कोसळू शकते. सत्यम कॉम्प्युटर्सच्या हिशेबातील गैरव्यवहाराची कबुली ७ जानेवारी २००९ रोजी बाहेर आली आणि शेअरचा भाव त्याच दिवशी तीन चतुर्थांशांहून अधिक घसरला. जी जोखीम अनेक ठिकाणी पैसे वाटून टाळता येते, ती पत्करल्याबद्दल बाजार जास्तीचा मोबदला देत नाही. या अर्थाने ही विनाकारण घेतलेली जोखीम ठरते.

*व्याजदराची आणि पुनर्गुंतवणुकीची जोखीम.* व्याजदर वाढले की आधी काढलेल्या रोख्यांचे भाव पडतात, घटले की चढतात. दीर्घ मुदतीच्या रोख्यांत हा परिणाम मोठा असतो. ज्या फंडाचा सरासरी ‘ड्युरेशन’ ७ वर्षे आहे त्याचे मूल्य दर एक टक्क्याने वाढल्यास साधारण ७ टक्क्यांनी घटते. उलट बाजू ठेवीदाराच्या वाट्याला येते. व्याजावर घर चालवणाऱ्या निवृत्तांची ठेव मुदत संपल्यावर कमी दराने पुन्हा ठेवावी लागते. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या (पीपीएफ) खात्यावर १९८६ ते जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के व्याज होते. एप्रिल २०२० पासून ते ७.१ टक्के आहे. कोविडच्या काळात स्टेट बँकेचा दीर्घ मुदतीचा दर ५.४ टक्क्यांवर आला होता. १० लाखांच्या ठेवीवर वर्षाला ९० हजारांची सवय झालेल्या घराला त्या दराने ५४ हजार मिळतात. मुद्दल पूर्ण सुरक्षित, उत्पन्नात मात्र ४० टक्के कपात.

*पतजोखीम.* ज्याला पैसे दिले तो परत देऊ शकला नाही तर उद्भवते ती ही जोखीम. २०१८ च्या उन्हाळ्यात सर्वोच्च पतमानांकन मिरवणारा आयएल अँड एफएस समूह त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये देणी थकवू लागला. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले तेव्हा पतजोखमीची उतरंड स्पष्ट दिसली. ठेवीदारांवर ५० हजारांची मर्यादा होती, पण ती दोन आठवड्यांच्या आत उठली आणि त्यांचे पैसे सुरक्षित राहिले. त्याच बँकेच्या ‘एटी-१’ प्रकारच्या ८,४१५ कोटी रुपयांच्या रोख्यांचे मूल्य मात्र शून्य करण्यात आले आणि वाद न्यायालयात गेला. बँक तीच, पण कागदाच्या अटी वेगळ्या. जास्त व्याज कशाबद्दल मिळते आहे, हे कागदाच्या नावापेक्षा त्या अटींत लिहिलेले असते.

*रोकडीची जोखीम.* मालमत्ता आहे, पण हवी तेव्हा आणि हव्या भावाला तिचे पैसे होत नाहीत, ही रोकडीची जोखीम. फ्लॅट विकायला महिने जातात. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने भारतातील सहा रोखे-योजना बंद केल्या आणि २५ हजार कोटींहून अधिक रक्कम गोठली. पुढे गुंतवणूकदारांना हप्त्याहप्त्याने पैसे परत मिळाले. पण ज्यांना ते त्याच महिन्यात लागणार होते त्यांच्यासाठी योजनेतली जोखीम प्रत्यक्षात उतरली होती.

*चलनाची जोखीम.* परदेशात शिकायला जाणाऱ्या मुलांचे पालक आणि आखाती देशांत, अमेरिकेत किंवा युरोपात राहून भारतात बचत करणारी मराठी कुटुंबे यांना ही लागू पडते. १९९१ च्या सुरुवातीला डॉलरला सुमारे १८ रुपये पडत. २०२४ च्या अखेरीस ८५ च्या पुढे. डॉलरमध्ये होणारा खर्च रुपयांत साठवणाऱ्याला व्याजदराइतकाच विनिमय दरही पाहावा लागतो.

साधनांनुसार जोखीम

*बँकेतील ठेवी.* १९६० मध्ये केरळमधील पलाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर ठेव विम्याच्या मागणीला जोर आला आणि १ जानेवारी १९६२ पासून ही योजना सुरू झाली. आज ती ‘डीआयसीजीसी’ हे महामंडळ चालवते. विम्याची मर्यादा १९९३ पासून १ लाख रुपये होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली. ही मर्यादा दर ठेवीदारामागे आणि दर बँकेमागे असते. एकाच बँकेच्या पाच शाखांत पाच ठेवी केल्या तरी त्या एकत्र मोजल्या जातात आणि त्यात व्याजही धरले जाते. नेमकी ५ लाखांची ठेव म्हणूनच पूर्णपणे विमाकवचात बसत नाही, कारण तिच्यावर साठलेले व्याज मर्यादेबाहेर जाते. २०२१ च्या दुरुस्तीनुसार बँकेवर निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची तरतूद आहे.

मर्यादा वाढण्याच्या काही महिने आधी पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे प्रकरण घडले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा सहा महिन्यांसाठी प्रत्येक खातेदाराला फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा होती. पुढे ही मर्यादा १० हजार, २५ हजार, ४० हजार, ५० हजार अशी चढत जून २०२० मध्ये १ लाखावर आली. बँकेच्या कर्जांचा मोठा हिस्सा एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहात अडकला होता. ठेवीदारांत व्यक्तींबरोबर गृहनिर्माण संस्था आणि पतसंस्थाही होत्या. ज्यांचा दुरुस्ती निधी तिथे होता त्या सोसायट्यांची कामे खोळंबली. जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ५ लाखांपर्यंतची रक्कम आधी आणि उरलेली टप्प्याटप्प्याने, मोठ्या ठेवींच्या बाबतीत दहा वर्षांपर्यंत, अशी परतफेडीची योजना ठरली. पुण्याच्या रुपी सहकारी बँकेवर तर फेब्रुवारी २०१३ पासून निर्बंध होते आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेवर निर्बंध आले. सहकारी बँक म्हणजे धोकादायक बँक, असा निष्कर्ष यातून निघत नाही. राज्यात अनेक सहकारी बँका वर्षानुवर्षे नीट चालू आहेत. पण विमा मर्यादेपलीकडची रक्कम एकाच बँकेत ठेवणे म्हणजे त्या बँकेच्या कर्जवाटपावर भरवसा टाकणे, हे ठेवीदाराने धरून चालावे.

*पतसंस्था, मल्टीस्टेट आणि भिशी.* सहकारी पतसंस्था आणि मल्टीस्टेट पतसंस्था या बँका नाहीत. त्यांच्या ठेवींना डीआयसीजीसीचे विमाकवच नाही. बँकेपेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याज आणि ओळखीचे संचालक मंडळ या दोन गोष्टींवर तालुक्याच्या गावांत मोठ्या ठेवी गोळा होतात. जळगावची भाईचंद हिराचंद रायसोनी आणि बीडची ज्ञानराधा या मल्टीस्टेट संस्थांच्या ठेवीदारांना पैसे अडकल्याचा अनुभव आला. भिशीत तर लेखी करारही बहुधा नसतो. आधी उचल घेतलेल्या सभासदाने पुढचे हप्ते बुडवले तर वसुलीसाठी शब्दापलीकडे काही हाती राहत नाही. चिटफंडांसाठी १९८२ चा कायदा आहे, पण नोंदणी नसलेली घरगुती भिशी त्याच्या संरक्षणाबाहेरच चालते.

*अल्पबचत योजना.* पीपीएफ, राष्ट्रीय बचत पत्र, सुकन्या समृद्धी, ज्येष्ठ नागरिक बचत योजना यांच्या मागे केंद्र सरकार उभे असते, त्यामुळे पतजोखीम जवळपास नाही. पीपीएफला १५ वर्षांची मुदत आणि वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे. ज्येष्ठ नागरिक योजनेत एप्रिल २०२३ पासून ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. इथली जोखीम रोकडीची आणि दरबदलाची असते. पीपीएफचा दर सरकार तिमाहीला ठरवते आणि तो आधीच्या शिलकीलाही लागू होतो. ज्येष्ठ नागरिक योजनेत मात्र ठेव ठेवतानाचा दर मुदतीपर्यंत कायम राहतो.

*सोने.* सोन्याला पतजोखीम नाही आणि अडीअडचणीला त्याचे पैसे लवकर होतात, ही त्याची बलस्थाने. पण त्याचा भाव सतत चढताच असतो ही समजूत चुकीची आहे. सप्टेंबर २०११ मध्ये औंसाला १,९०० डॉलरपर्यंत गेलेला भाव डिसेंबर २०१५ मध्ये १,०५० डॉलरच्या आसपास होता आणि जुना उच्चांक २०२० मध्ये ओलांडला गेला. रुपयाच्या घसरणीमुळे भारतातील खरेदीदाराला ही झळ कमी जाणवली. दागिन्यांच्या रूपातील सोन्यात घडणावळ आणि मोडताना धरली जाणारी घट यांचा तोटा वेगळा. ते हौस म्हणून घेतलेले असते. गुंतवणुकीच्या हिशेबात फक्त वजन आणि शुद्धता मोजावी.

*घर आणि जमीन.* तरुण रामादोराय यांच्या अध्यक्षतेखालील रिझर्व्ह बँकेच्या समितीने २०१७ च्या अहवालात भारतीय कुटुंबांच्या संपत्तीची विभागणी दिली होती : सुमारे ८४ टक्के स्थावर आणि इतर वस्तुरूप मालमत्तेत, ११ टक्के सोन्यात आणि अवघी ५ टक्के आर्थिक साधनांत. राहते घर ही गरज आहे. दुसऱ्या फ्लॅटमध्ये मात्र एकवटलेपणा, रोकड आणि कर्ज या तिन्ही जोखमी एकत्र येतात. दवाखान्याच्या बिलासाठी फ्लॅटची एक खोली विकता येत नाही. बांधकाम रखडले तर हप्ता आणि घरभाडे दोन्ही चालू राहतात. मे २०१७ पासून महारेराकडे प्रकल्पांची नोंदणी सुरू झाल्याने माहिती मिळण्याची सोय झाली, तरी विलंबाची शक्यता संपलेली नाही.

*म्युच्युअल फंड.* फंड हे वेष्टन आहे. जोखीम आतल्या मालाची असते. लिक्विड फंड आणि स्मॉल कॅप फंड यांत नावापलीकडे साम्य थोडेच. युनिट ट्रस्टची यूएस-६४ ही योजना अनेक मध्यमवर्गीय घरांत मुदत ठेवीसारखीच मानली जाई. २ जुलै २००१ रोजी तिची खरेदी-विक्री थांबवण्यात आली तेव्हा आत शेअर होते हे अनेकांच्या प्रथमच ध्यानात आले. दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याच्या ‘एसआयपी’चा देशभरातील ओघ ऑक्टोबर २०२४ मध्ये महिन्याला २५ हजार कोटींपलीकडे गेला. एसआयपीमुळे खरेदीच्या भावाची सरासरी निघते आणि बचतीला शिस्त लागते. साठलेली रक्कम बाजाराबरोबर घसरण्यापासून मात्र ती वाचवत नाही.

*वायदे व्यवहार.* फ्युचर्स आणि ऑप्शन्स ही मुळात जोखीम दुसऱ्याकडे सोपवण्याची साधने आहेत. घरगुती बचतीत ती बहुधा सट्टा म्हणून येतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या बाजारातील ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना तोटा झाला आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. बचतीच्या नियोजनात यांना जागा नाही.

मोजमापाची साधने आणि त्यांच्या मर्यादा

चढउतार मोजण्याचे रूढ माप प्रमाण विचलन हे आहे. एखाद्या फंडाचा सरासरी वार्षिक परतावा १२ टक्के आणि प्रमाण विचलन २० टक्के असेल, तर ढोबळमानाने तीनपैकी दोन वर्षांत परतावा उणे ८ ते अधिक ३२ टक्क्यांच्या दरम्यान राहील असे समजतात. उरलेले एक वर्ष याबाहेरचे, आणि प्रत्यक्ष बाजारात टोकाच्या घसरणी या सूत्राच्या अंदाजापेक्षा जास्त वेळा येतात. त्यामुळे याच्या जोडीला ‘कमाल घसरण’ पाहावी. शिखरापासून तळापर्यंत किती पडझड झाली आणि सावरायला किती काळ लागला, हे त्यातून कळते आणि सामान्य बचतदाराला समजायलाही सोपे जाते.

सेबीच्या नियमानुसार प्रत्येक म्युच्युअल फंड योजनेला ‘रिस्कोमीटर’ असतो. जानेवारी २०२१ पासून त्यावर ‘कमी’पासून ‘अति उच्च’पर्यंत सहा पायऱ्या आहेत आणि दर महिन्याला फेरआढावा घ्यावा लागतो. शेअरवर आधारित बहुतेक योजना वरच्या पायरीवर एकत्र बसतात, त्यामुळे त्यांच्यातला आपापसातला फरक यातून कळत नाही. रोख्यांचे पतमानांकनही एक मतच असते. आयएल अँड एफएसच्या उदाहरणात ते घसरायला लागले तोवर बाहेर पडण्याची वेळ टळून गेली होती.

क्षमता आणि मनाची तयारी

जोखीम पेलण्याची क्षमता उत्पन्न, वय, अवलंबून असलेली माणसे, कर्ज आणि विमा यांवर ठरते. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्या जिल्हा परिषद शिक्षकाला जुनी पेन्शन असते. दरमहा येणारी ही रक्कम एखाद्या मोठ्या सुरक्षित रोख्यासारखे काम करते, म्हणून त्याच्या बाकीच्या बचतीत शेअरचा हिस्सा जास्त असला तरी घर डगमगत नाही. कांद्याच्या व्यापाऱ्याचे उत्पन्नच भावावर हेलकावत असते. त्याची बचत शांत ठिकाणी हवी. पुण्यातील आयटी कर्मचाऱ्याचा पगार, कंपनीने दिलेले शेअर आणि हिंजवडीतला भाड्याने दिलेला फ्लॅट हे तिन्ही एकाच उद्योगावर उभे असतात. मंदी आली की नोकरी, शेअरचा भाव आणि भाडेकरू एकदमच जाऊ शकतात. कागदावर तीन दिसणारी गुंतवणूक प्रत्यक्षात एकच असते.

मनाची तयारी हा वेगळा भाग. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार तेवढ्याच रकमेच्या नफ्याच्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख माणसाला बरेच जास्त होते. त्यामुळे तेजीत सगळेच धाडसी असतात आणि पडझडीत एसआयपी बंद करतात, म्हणजे माल स्वस्त झाल्यावर खरेदी थांबवतात. १० लाखांचे ६ लाख झालेले पाहून झोप उडणार असेल, तर क्षमता कितीही असो, तेवढा हिस्सा शेअरमध्ये ठेवू नये. क्षमता आणि तयारी यांपैकी जी कमी असेल तिच्याप्रमाणे चालावे.

काळ आणि क्रम

तीन वर्षांच्या आत लागणाऱ्या पैशांसाठी मुदत ठेव, पोस्टातील ठेव किंवा चांगल्या दर्जाचे अल्पमुदत फंड योग्य. तीन ते सात वर्षांच्या उद्दिष्टांसाठी रोखे आणि शेअर यांचे मिश्रण चालते. त्यापलीकडच्या पैशांसाठी महागाई हा मोठा शत्रू ठरतो आणि शेअरचा हिस्सा जास्त ठेवण्याला आधार मिळतो. मुदत वाढली की तोट्याची शक्यता घटते, हे इतिहासातून दिसणारे अनुमान आहे. ती हमी नाही. म्हणून मुलीच्या शिक्षणाला तीन वर्षे उरली की तो पैसा शेअरमधून हळूहळू ठेवींकडे वळवण्याची पद्धत आहे.

निवृत्तीनंतर परताव्याचा क्रम महत्त्वाचा होतो. ५० लाखांची पुंजी, वर्षअखेरीस ४ लाख खर्चासाठी काढायचे आणि तीन वर्षांचे परतावे उणे ३०, अधिक १० आणि अधिक ३० टक्के, असे धरू. पैसे काढलेच नाहीत तर क्रम कसाही असला तरी तीन वर्षांनी ५० लाख ५ हजारच राहतात. पण ४ लाख काढत असताना घसरण पहिल्या वर्षी आली तर शेवटी ३५.१३ लाख उरतात आणि क्रम उलटा होऊन ती तिसऱ्या वर्षी आली तर ४०.१७ लाख. परतावे तेच, फरक ५ लाखांचा. म्हणून निवृत्तांनी तीन-चार वर्षांचा खर्च शेअर बाजाराबाहेर ठेवावा, म्हणजे मंदीत युनिट मोडावी लागत नाहीत.

वाटप, संतुलन आणि विमा

जोखीम आटोक्यात ठेवण्याचे मुख्य साधन म्हणजे साधनांमधील वाटप. १० लाखांपैकी ६ लाख शेअर फंडात आणि ४ लाख ठेवींत असतील, तर बाजार निम्मा झाला तरी एकूण रक्कम ७ लाख राहते. घट ५० टक्क्यांऐवजी ३० टक्क्यांची. आता ६०:४० हे प्रमाण पुन्हा साधायचे तर ठेवीतले १ लाख २० हजार शेअर फंडात न्यावे लागतात. तेजीत याच्या उलट करावे लागते. वर्षातून एकदा केलेले हे संतुलन भावनेला बाजूला ठेवून स्वस्तात घ्यायला आणि महागात विकायला लावते. एकाच प्रकारचे आठ फंड घेणे म्हणजे विविधता नाही. त्या सर्वांत बहुधा त्याच कंपन्या असतात.

वाटपाच्या आधी दोन गोष्टी लागतात. पहिली, सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम, तीही शक्यतो दोन बँकांत विभागून. दुसरी, आरोग्य विमा आणि कमावत्या व्यक्तीचा मुदत विमा. दीर्घ आजार किंवा मृत्यू ही घरासाठी बाजारातील मंदीपेक्षा मोठी जोखीम आहे आणि ती विमा कंपनीकडे सोपवता येते. विमा आणि बचत एकत्र करणाऱ्या पारंपरिक पॉलिसीत संरक्षण अपुरे आणि मधेच सोडल्यास भरलेल्या हप्त्यांत घट, असे दुहेरी नुकसान संभवते.

फसवणूक आणि नियामक

वरच्या बहुतेक जोखमींना काही ना काही मोबदला असतो, फसवणुकीला नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दादरला उघडकीस आलेले टोरेस प्रकरण याच जातीचे होते : रत्नांची खरेदी, आठवड्याला परताव्याचे आश्वासन आणि नवे सदस्य आणणाऱ्यांना बक्षिसे. पहिल्यांना मिळणारे पैसे मागून येणाऱ्यांच्या खिशातले असल्याने ओघ आटला की डोलारा कोसळतो. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे आणि देशभरासाठी अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा आहे. मालमत्ता जप्त होऊन विक्री होईपर्यंत वर्षे जातात, म्हणून खबरदारी पैसे देण्याआधीच घ्यावी. बँकांवर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण असते, फंड आणि सल्लागारांवर सेबीचे, विम्यावर ‘इर्डाई’चे. योजना यांपैकी कोणाच्याही नोंदीत नसेल तर तिथे थांबावे. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर अशा संस्थांविषयी तक्रारही करता येते.

शेवटची जोखीम नोंदींची आहे. खाती, पॉलिसी आणि फंड यांची यादी घरात दुसऱ्या कोणाला ठाऊक नसेल, वारसाची नोंद झालेली नसेल, तर चांगली गुंतवणूकही कुटुंबापर्यंत पोचत नाही. वर्षातून एकदा संतुलन साधताना ही यादी, नामांकने आणि बँकनिहाय ठेवींची विमा मर्यादा तपासावी. लग्न, अपत्य, नोकरीतील बदल, घरकर्ज आणि निवृत्ती या प्रत्येक टप्प्यावर कोणत्या पैशावर कोणती जोखीम चालेल याचे उत्तर बदलते, म्हणून त्या वेळी संपूर्ण आराखडा नव्याने मांडावा.